बेटाचा सिनेमा सांगणारा निसार

निसारला वाचता येत नाही असं नाही. चांगलं येतं. पण बोलताना हातात कागद धरायचा नाही, हा त्याचा नियम. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत त्याची भोंगा लावलेली रिक्षा फिरते. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, रक्तदान शिबिर आहे, म्हैस हरवली आहे, शाळेचे प्रवेश सुरू झाले, असलं सगळं तो गल्लीबोळांतून सांगत जातो. मजकूर लिहून दिला की तो एकदा डोळ्यांखालून घालतो, दोन-चार प्रश्न विचारतो, कागद खिशात कोंबतो आणि मग आपल्या शब्दांत सांगतो.

ते दोन-चार प्रश्न लोकांना भारी जड जातात. एकदा एका संघटनेनं तपासणी शिबिराची जाहिरात दिली, 'मुंबईचे नामांकित डॉक्टर येणार' म्हणून. निसारनं चौकशी केली. डॉक्टर गारगोटीचे निघाले, मुंबईला कसल्याशा कोर्सला आठ दिवस जाऊन आलेले. निसारनं भोंग्यावरून सांगितलं, "गारगोटीचं डॉक्टर येणार हाईत, माणूस चांगला हाय, आजार अंगावर काढू नका." संघटनेवाले त्याच्या अंगावर धावून गेले. पण शिबिराला गर्दी एवढी लोटली की मंडप अपुरा पडला. निसार म्हणाला म्हणजे ते तसंच असणार, हे लोकांनी गृहीतच धरलं होतं.

मी शिवकुमार. हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालो आणि आमच्या फिल्म सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बसलो. माझा स्वभाव तापट आहे. बायको सांगेल, विद्यार्थी सांगतील. पण या गोष्टीत जिथे तापायला हवं होतं तिथे मी थंडगार पडलो, आणि ते सांगताना मला अजून लाज वाटते.

निसार सिनेमा सांगायला लागला तो अपघातानंच. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका गावात परदेशी सिनेमा घेऊन गेलो. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. पाच मिनिटांत पुढच्या बायका विचारायला लागल्या, "ह्यो काय म्हणतोय?" निसार कार्यक्रमाची जाहिरात करायला आला होता आणि माइक त्याच्या हातातच होता. मी कानात सांगत गेलो, तो माइकवर सांगत गेला. सिनेमातल्या जपानी म्हाताऱ्याचं नाव त्याच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं त्याला 'तात्या' करून टाकलं. शेवटी तात्या गेला तेव्हा बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली. खेळाच्या आधी निसार माझ्या घरी यायचा, आम्ही लॅपटॉपवर सिनेमा बघायचो, मी वाक्य न् वाक्य मराठीत सांगायचो. तो नुसता ऐकायचा. खेळाच्या दिवशी पडद्याशेजारी स्टुलावर बसून सगळं मनानंच सांगायचा. मला चिडवायला म्हणायचा, "सर, तुमचं मराठी पुस्तकातलं हाय. ते लोकांच्या कानात शिरत न्हाय."

त्याची मुलगी जोया ही माझी विद्यार्थिनी. इंग्रजीत एम.ए., बी.एड. नदीकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात ती तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याच तासांची शिक्षिका. एप्रिलमध्ये घरी जायचं आणि जूनमध्ये बोलावतात का याची वाट बघायची. शाळा विजयसिंहसाहेबांच्या संस्थेची. विजयसिंहसाहेब त्याच गावातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. गावाचं आणि कारखान्याचं नाव मी सांगत नाही, उगाच भानगड नको. त्या वर्षी शाळेत दोन जागा कायम होणार होत्या आणि यादी साहेबांच्या टेबलावर होती. निसारच्या घरात दुसरा विषयच नव्हता. त्याची बायको नजीरा मला रस्त्यात भेटली तरी आधी तेच विचारायची, "सर, जोयाचं काय कळलं का?"

आणि मी शहाण्यानं मार्च महिन्यात, त्याच गावात, कारखान्याच्या सांस्कृतिक भवनात दाखवायला सिनेमा निवडला तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा. पूर्ण न बघता निवडला. बक्षिसं मिळालेला सिनेमा, पत्रकार बाईची गोष्ट, एवढं वाचलं आणि छापली पत्रकं. 'उसाच्या बेटावरील विषमतेला भिडणारी पत्रकार' असं ठळक अक्षरांत. विजयसिंहसाहेब प्रमुख पाहुणे.

निसारबरोबर लॅपटॉपवर बघायला बसलो तेव्हा कळलं, मी काय निवडून बसलोय. एक तरुण पत्रकार बाई आपल्या बेटावर परत येते. पेपरानं तिला नव्या हॉटेलाचं कौतुक लिहायला पाठवलेलं असतं. हॉटेलात निळ्याशार पाण्याचा तलाव, आणि भिंतीपलीकडे ऊस तोडणाऱ्यांच्या वस्तीत प्यायला पाणी नाही. हॉटेल ज्या मालकाचं, ऊस गाळणारी गिरणीही त्याचीच. बाई हिंडत हिंडत गिरणीच्या वजनकाट्यावर जाते. काट्यावर बसलेला माणूस तिचा सख्खा मामा. ती बघते, तर उसाची गाडी चढली की मामा हळूच फळीखाली पाय घालून टेका देतो, म्हणजे वजन कमी भरतं. ती त्याला सगळ्यांसमोर विचारते. खाली इंग्रजी अक्षरं आली, ती मी निसारला सांगितली, "तुम्ही वजनात फसवणूक करता, असं ती म्हणते."

निसारनं मान हलवली. "म्हंजे काटा मारत्यात."

आमच्या भागात हे दोन शब्द हळू आवाजात बोलतात. गाडीत ऊस किती आणि काट्यावर दिसतो किती, यातल्या फरकाला काटा मारणं म्हणतात. कोण मारतो, मारतो की नाही, मला माहीत नाही. पण प्रत्येक हंगामात कुणीतरी कुणावर तरी तो आरोप करतोच, आणि मग चार दिवस गावात कुणी कुणाकडे सरळ बघत नाही. विजयसिंहसाहेबांच्या भवनात, त्यांच्यासमोर, चारशे ऊसवाल्यांच्या कानात निसार हे दोन शब्द माइकवरून घालणार होता. मी लॅपटॉप मिटला. निसारच्याही डोक्यात तेच आलं असणार, कारण जाताना त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव हजर. हंबीरराव म्हणजे चेअरमनसाहेबांचा उजवा हात. हातात आमचं पत्रक.

"सर, पिक्चर लई भारी हाय म्हणं. पोरांनी मोबाइलवर झलक दावली. तेवढा काट्याचा सीन कापा की."

मी म्हणालो, "कापता येत नाही. फाइल कुलूपबंद येते."

"मग ऱ्हाऊ दे. आपलं निसारभाई हाईतच की. त्यांस्नी सांगा, तेवढ्या जागी कायतरी दुसरं बोला म्हणावं. बाई काय बोलत्यात ते कुणाला कळतंय? निसारभाई बोलतील तेच खरं."

हंबीररावांनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि चपला घालता घालता म्हणाले, "जोया मॅडमची फाइल सायबांच्या टेबलावर हाय, मी सवता बघितली. पोरगी हुशार हाय. व्हईल काम, काळजी करू नका."

धमकी दिली असती तर मी भांडलो असतो. हा माणूस हसत बोलत होता. मी दार लावलं आणि सरळ टेबलाशी जाऊन कागद ओढला. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल रेघोट्या मारणाऱ्या माणसानं त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'वजनकाट्याच्या यंत्रात काही तांत्रिक बिघाड असल्याची बाब पत्रकार महिला निदर्शनास आणून देते.' तीन वेळा वाचलं. कुणाचंच काही जाणार नाही असं वाक्य झालं होतं.

संध्याकाळी तो कागद घेऊन निसारच्या घरी गेलो. घरात ते आपसांत दखनी बोलतात, मी मराठीत सांगतो. निसारनं कागद वाचला, उलटा केला, मागं काही आहे का बघितलं, आणि जोयाकडे सरकवला.

"बाई खरं काय म्हणती ते सांग," तो जोयाला म्हणाला. मी इंग्रजी संवाद उतरवून आणलेले होते. जोयानं वाचले आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्ही म्हणालात तेच अब्बा. काटा मारता, असं म्हणते."

"मग ह्यो बिघाड कुठनं आला?"

नजीरा कपाळाला हात लावून चुलीपाशी बसून राहिली. निसार माझ्याकडे बघत होता आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

मग जोयाच बोलली. "अब्बा, तीन वर्षं झाली. स्टाफरूममध्ये सगळ्यांना कपाट आहे, मला नाही. मी मुलांच्या वह्या पिशवीत घालून खिडकीत ठेवते. पाऊस आला की धावत जाऊन उचलते. मुलं विचारतात, मॅडम पुढच्या वर्षी तुम्ही आहात का? मी काय सांगू?" तिनं कागद परत अब्बांपुढं सरकवला. "एवढं एकदा. सिनेमाच तर आहे. त्या बेटावरच्या बाईला काय कळणार आहे?"

निसारनं कागदाची घडी केली. "सर, हे मला मनानं यायचं न्हाय. वाचूनच बोलावं लागंल."

खेळापर्यंतचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. जेवण जात नव्हतं. मध्येच वाटायचं, फोन करून खेळच रद्द करावा. मग जोयाची ती पिशवी डोळ्यांसमोर यायची. निसारचा रोज फोन यायचा, कामाचं काही नसायचं. एकदा म्हणाला, "सर, लाइट गेली तर?" मी म्हणालो, "भवनाला जनरेटर आहे." तो म्हणाला, "व्हय, हाय की," आणि फोन ठेवला.

खेळाच्या संध्याकाळी भवन गच्च भरलं. पुढच्या सोफ्यावर विजयसिंहसाहेब, शेजारी हंबीरराव. सतरंजीवर बायका, त्यांच्यात सगळ्यांत पुढं आक्का. आक्का खालच्या गल्लीतली, नदीला सगळ्यांत जवळचं घर तिचं, वय सत्तरीच्या पुढं. निसारची रिक्षा दारावरून गेली की त्याला थांबवून ताक देणार आणि सगळ्या जगाची चौकशी करणार. शिक्षकांच्या रांगेत जोया बसली होती. मी मागं प्रोजेक्टरजवळ उभा होतो.

सुरुवात झकास झाली. निसार रंगला. पत्रकार बाईला त्यानं 'आमची शिकलेली ताई' केलं, मालकाला 'मालक'च ठेवलं. हॉटेलचा तलाव आला तेव्हा म्हणाला, "हितं पावण्यांस्नी डुंबाया पाणी, आन् भिताडाच्या पल्याड घागरीला पाणी न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विजयसिंहसाहेबांनीही वाजवल्या. मला वाटलं, निभावलं.

मग काटा आला. उसानं लादलेली गाडी फळीवर चढली आणि मामाचा पाय हळूच खाली गेला. निसारनं अजून तोंड उघडलं नव्हतं, पण सतरंजीवर कुजबूज सुरू झाली होती. ते चित्र त्या लोकांना सांगायला कुणाची गरजच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. तोवर उशीर झाला होता. पडद्यावर ताई मामासमोर उभी राहिली आणि ओरडून बोलली. निसारनं खिशातून चष्मा काढला. कागद उलगडला. त्यानं हातात कागद धरलेला त्या गावानं कधी बघितला नव्हता.

"वजनकाट्याच्या यंत्रात," त्यानं वाचलं, "काही तांत्रिक बिघाड असल्याची बाब पत्रकार महिला निदर्शनास आणून देते."

पडद्यावर मामा रडत होता. यंत्र बिघडलं म्हणून कोण एवढं रडेल? आणि सतरंजीवरून आक्काचा आवाज आला.

"निसार, तू बी?"

तो गप्प बसला असता तर चाललं असतं. पण इतक्या वर्षांची सवय, कुणी दारातून विचारलं की उत्तर द्यायचं. तो माइकमध्येच म्हणाला, "आक्का, कागदावर तसंच लिवलंय."

सगळं भवन खो खो हसायला लागलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. "काटा बिघडलाय की ओ!" कुणीतरी मागून ओरडलं. विजयसिंहसाहेबसुद्धा हसले, हंबीररावांच्या पाठीवर थाप मारून हसले. जोया मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, पळत जाऊन तो माइक घ्यावा आणि सांगावं की तो कागद माझा आहे. मी प्रोजेक्टरजवळून हललो नाही.

पुढचा पाऊण तास निसार सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. लोक एकमेकांनाच सिनेमा समजावून सांगत होते. शेवटी ताई बातमी छापते, मामाची नोकरी जाते, आणि बाहेर पडताना मामा तिच्याकडे वळूनही बघत नाही. निसारनं एवढंच सांगितलं, "तिनं छापलं." आणि माइक बंद केला.

जूनमध्ये जोयाची ऑर्डर आली. कायम. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. निसारनं पेढे आणले. जोयाला कपाट मिळालं. तिनं मला त्याचा फोटो पाठवला, आत वह्या नीट रचून ठेवलेल्या. निसार मात्र सिनेमा सांगायला परत आला नाही. म्हणायचा, "सर, आता मोबाइलवर सगळं मराठीत मिळतंय, मी कशाला पायजे?" रिक्षा फिरत होती. चौकात पोरं ओरडायची, "निसारभाई, कागदावर हाय का?" तोही हसायचा त्यांच्याबरोबर. मला ते हसणं बघवायचं नाही.

ऑगस्टात सलग सहा दिवस पाऊस कोसळला. धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी फुगायला लागली. सोसायटीतर्फे पांघरुणं गोळा करून मी त्या गावच्या शाळेत पोचवायला निघालो होतो आणि निसारच्याच रिक्षात बसलो होतो. ग्रामपंचायतीनं त्याला बोलावलं होतं. आधी तो स्वतः पुलाजवळ जाऊन पाणी बघून आला, मगच भोंगा सुरू केला. दुपारची तीनची वेळ.

"खालच्या गल्लीतल्या लोकांनी ऐका. पाणी झपाट्यानं चढाय लागलंय. सांजच्याला गल्लीत शिरंल. म्हातारी माणसं, पोरंबाळं, जनावरं घिऊन शाळंत चला. आत्ताच निघा."

गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही गेलो. एरवी या आवाजावर लोक हातातलं काम टाकून बाहेर यायचे. त्या दिवशी दारं उघडली, माणसं उंबऱ्यात आली, आणि तिथंच उभी राहून हातातल्या मोबाइलकडे बघायला लागली. कुणी हललं नाही. निसारनं परत सांगितलं. त्याचा आवाज चिरकायला लागला होता. गल्लीच्या तोंडाशी गटारीतून पाणी उलटं वर येत होतं, ते मला रिक्षातून दिसत होतं. ही माणसं उठणार कधी?

शेवटच्या घरासमोर आक्का ओट्यावर बसली होती. पायाशी शेळी बांधलेली. निसारनं रिक्षा थांबवली.

"आक्का, उठ. चल."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. ती खरोखरच विचारत होती.

"निसार, हे कागदावरचं हाय का खरं हाय?"

निसारनं माइक सीटवर ठेवला आणि तो चिखलात उतरला. ओट्याशी जाऊन उभा राहिला. मी रिक्षातच बसून होतो. तो कागद कुणी लिहिला होता ते मी आक्काला तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

"खरं हाय आक्का. पुलापाशी जाऊन मी सवता बघून आलोय," निसार म्हणाला. आणि मग हात जोडून म्हणाला, "जोयाची शपथ."

एवढ्या वर्षांत कुणाला काही पटवायला त्याला शपथ घ्यावी लागलेली मी बघितली नव्हती. आक्कानं त्याच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. मग तिनं शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली.

"रत्नव्वा, मोबाइलवर काय दाखवतंय गं?"

"व्हय की आक्का, पाणी येणार म्हणत्यात," आतून रत्नव्वा म्हणाली. तेव्हा आक्का उठली आणि तिनं शेळी सोडली.